घडांवरची गोष्ट

वारूळवाडीच्या आमच्या खालच्या वावरात आता टोमॅटो आहे. बांबू, तारा, सुतळी, आणि ओळीतून चालताना हाताला लागणारा तो हिरवट उग्र वास. द्राक्षांच्या मंडपाचे लोखंडी अँगल केव्हाच कापून भंगारात गेले. उरली ती पाण्याची दगडी टाकी, तीही कोरडी. परवा मी तिच्या कठड्यावर बसले होते आणि शेजारी माझी बारा वर्षांची मुलगी सई, रागाने लालबुंद. राग माझ्यावर नव्हता, सिनेमावर होता. नारायणगावात तीनचा खेळ बघून, माझ्या आईला घरी सोडून आम्ही दोघी वावरात आलो होतो, आणि वाटेत सई सारखं एकच म्हणत होती, की त्यांनी शेवट बदलला.

मला टाकीशेजारच्या ओळीतून कागद सळसळल्याचा आवाज येत होता. तिथे कागद नाही हे मला दिसत होतं, तरी येत होता.

ज्यांनी द्राक्षबाग फक्त रस्त्यावरून पाहिली आहे त्यांना हा आवाज ठाऊक नसणार. मण्यांत पाणी उतरायला लागलं की उन्हाने ते लाल पडू नयेत म्हणून एकेका घडाला कागद गुंडाळतात. कागद घडाभोवती फिरवायचा, दोन्ही कडा एकमेकींवर आणायच्या आणि स्टेपलरची पिन मारायची. हजारो घड, हजारो पिना. मग मंडपाखाली उभं राहिलं की डोक्यावर पानांचं छत आणि त्याखाली ओळीने लटकलेले कागद, आणि वारा आला की सगळे एकदम बोलायला लागायचे. सकाळी दवाने ओले असत तेव्हा दबक्या आवाजात, दुपारी कोरडे झाले की खरखरीत. त्यात गंधकाच्या फवाऱ्याचा वास, ठिबकच्या नळीखाली भिजलेल्या मातीचा वास, आणि शाईचा वास. आजही कोरं पुस्तक उघडलं की माझ्या नाकाला आधी गंधक लागतं.

एरवी कागद म्हणजे वर्तमानपत्रांची रद्दी. त्या साली, मी दहा वर्षांची असताना, रद्दीवाल्याने पुण्याच्या कुठल्याशा छापखान्यातली रद्दी आणून टाकली. पुस्तक शिवण्याआधी मोठमोठ्या तावांवर छापतात. एका तावावर बरीच पानं, काही सरळ, काही डोकं खाली पाय वर, आणि क्रमाने तर मुळीच नाहीत. घडी घातली की ती आपसूक ओळीत येतात, हे मला फार पुढे कळलं. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तावाचा कागद बोटांत धरून पाहिला, जाड आहे म्हणून खूश झाले आणि एकेकाचे चार तुकडे करवले. त्यात शाळेची गाईडं होती, पंचांग होतं, कसल्याशा औषधांची माहिती होती. हे कशाचं पुस्तक झालं असतं याचा विचार कुणी केला नाही. घडाला कागद हवा होता, कागद मिळाला.

कागद लावायला बायकांची टोळी होती आणि त्या टोळीत आमची शालूआत्या होती. आप्पांची धाकटी बहीण. दिवाळीला माहेरी आली ती भाऊबीज झाली तरी परत गेली नव्हती. लग्नाला दोन वर्षं झालेली. लोक आईला विचारत, पाव्हणी अजून हायती का, आणि आई म्हणायची, राहतील चार दिवस. ते चार दिवस संक्रांतीपर्यंत लांबले. आत्या सासरी का जात नाही हे मला कुणी सांगत नसे. मला एवढंच माहीत होतं की ती डावखुरी आहे आणि सासरी तिने डाव्या हाताने वाढलेलं चालत नाही. आमच्याकडेही चालत नसे. आई तिला हळूच म्हणायची, शालन, उजव्यानं गं. मग आत्या पोळी उजव्या हाताने वाढायची आणि ती ताटाच्या कडेवरच पडायची. चार बायकांत ती कागदसुद्धा उजव्या हाताने लावायला बघायची आणि फाडायची. कुणी बघत नसलं की तिचा डावा हात झरझर चाले. सगळ्या बागेत पिना घडाच्या उजव्या बाजूला असत. आत्याने एकटीने लावलेल्या तेवढ्या डावीकडे.

मला टाकीशेजारची शेवटची आखूड ओळ मिळाली होती. रिकाम्या क्रेटवर उभी राहून, हात दुखेपर्यंत, ती मी एकटीने पुरी केली. माझी ओळ. तिच्यातल्या सगळ्या पिना उजवीकडे, आणि बऱ्याचशा वाकड्या.

सगळं काम उरकल्यावर मग गोष्ट सापडली. दुपारची जेवणं झाली होती, आत्या मंडपाखाली गोणपाटावर उताणी पडली होती, आणि वर बघत बघत ती एकाएकी वाचायला लागली. आधी मला वाटलं, बडबडतेय. एका गावाजवळ तळं होतं, तळ्यात पाण्याखाली दगडी पायऱ्या होत्या, असं काहीतरी. मग ती उठली, पुढच्या घडाखाली गेली, मान वाकडी करून दुसरं पान वाचलं. ते पान उलटं होतं. मला म्हणाली, ये पोरी, आपल्या बागंला गोष्ट लागलीय.

परदेशातल्या कुणा लेखकाच्या मुलांच्या पुस्तकाचं ते मराठी भाषांतर होतं. नाव आम्हाला कधीच मिळालं नाही, कारण नावाचं पान आमच्या वाट्याला आलंच नव्हतं. एका मुलीची सावली तळ्यात पडते आणि ती शोधायला मुलगी पाण्याखालच्या पायऱ्या उतरून जाते. खाली एक गाव, तिथे कायम दिवेलागणीची वेळ. तिथली माणसं आपापल्या सावल्या बरण्यांत घालून फळीवर ठेवतात. गल्लीबोळांतून एक नावाडी नाव वल्हवत जातो. एक म्हातारा मासा आहे, त्याच्या गळ्यात घंटा. आत्याला तो मासा फार आवडला. आपल्या ढवळ्या बैलासारखा चालत आसंल, म्हणायची. त्या मुलीचं नाव परदेशी आणि अवघड होतं, म्हणून आत्या तिला बारकी म्हणायला लागली.

खालच्या गावाचा एक नियम होता, तो आम्हाला चार वेगवेगळ्या घडांवर सापडला, कारण ते एक पान चारदा आलं होतं. वरती कुणीतरी तुमचं नाव घेतंय तोवरच खालून पायऱ्या दिसतात. नाव घेणं थांबलं की पायऱ्या पुसल्या जातात. चौथ्यांदा ते पान भेटलं तेव्हा आत्या हसली नाही.

आम्ही ती गोष्ट ओळीओळीने वाचली, पानापानाने नाही. नावाडी आम्हाला आधी म्हातारा भेटला आणि चार ओळी पुढे गेल्यावर तरुण. बारकी आधी रडली आणि तिला काय झालं ते दोन दिवसांनी कळलं. कितीतरी पानं मिळालीच नाहीत. शिवाय प्रत्येक कागदाची आतली बाजू घडाला चिकटलेली. ती वाचायची सोय नव्हती, कारण लावलेला कागद सोडायचा नाही हा आप्पांचा कडक नियम होता. हात लागला की मण्यांवरची पांढुरकी साय पुसते आणि व्यापारी तो घड बाजूला काढतो. मी एकदा म्हटलं, हळूच बघू. आत्या म्हणाली, माल निघंल तवा कागद निघत्यालच, तवा आतलं वाचू. तोवर आर्धी गोष्ट आपली, आर्धी द्राक्षांची.

शाळा सुटली की मी धावत मळ्यात यायचे. पाखरं हाकलायला कुणीतरी पत्र्याचा डबा वाजवत असे. उसाच्या वावरापलीकडून गुऱ्हाळाचा गोड धूर येई. आणि आम्ही दोघी माना वर करून, एक सरळ वाचणारी आणि एक उलटं वाचणारी, घडामागून घड फिरत असू. इतकं सुख मला पुढे कुठल्याच वाचनाने दिलं नाही, आणि हे मी आयुष्यभर पुस्तकं वाचत आलेली बाई म्हणतेय.

आमच्याकडे अडलेल्या गोष्टीसाठी देवीला कौल लावतात. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना फुलं चिकटवायची आणि प्रश्न मनात धरायचा. उजवं फूल आधी पडलं तर देवी हो म्हणाली, डावं पडलं तर नाही. पौर्णिमेला आई आत्याला देवळात घेऊन गेली होती. काय झालं ते दोघींनी सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी मंडपाखाली आत्या मला म्हणाली, की देवळातला कौल काही खरा नाही, तिचं सगळंच डावं. आपण हा कौल लावू. मग तिने वरच्या कागदांकडे बोट केलं.

"बारकी घरी येऊन राहिली, तर मी बी राहीन. न्हाई राहिली, तर जाईन."

तिने थट्टेत म्हटलं असेल. मी थट्टेत घेतलं नाही. त्या दिवसापासून मी गोष्ट वाचत नव्हते, शेवट शोधत होते.

तो मला माझ्याच ओळीत सापडला, टाकीपासून तिसऱ्या घडावर. बारकी पायऱ्या मोजत वर येते. दार उघडं आहे. दिवा लावलेला आहे. आई वळून बघते आणि तिचं नाव घेते. त्याखाली अर्धं पान कोरं. मी क्रेटवर उभी राहून ते तीनदा वाचलं आणि ओरडत आत्याकडे पळाले, की ती येते, घरी येते, संपलं. आत्याने येऊन वाचलं, पहिल्यांदा मनात, मग मोठ्याने. मग मला उचललं, आणि मी काही उचलण्याएवढी लहान नव्हते.

एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. पुस्तक संपतं तिथे समाप्त असं लिहिलेलं असतं, हे मला शाळेच्या पुस्तकांवरून माहीत होतं. तिथे ते नव्हतं. मी ते शोधलं होतं, नाही हे पाहिलं होतं, आणि गप्प बसले होते.

पुढचे आठ दिवस आत्या गाणी म्हणत होती. तिने आईच्या जुन्या लुगड्याची मला परकराची जोडी शिवली. अंगणाच्या कडेला मोगऱ्याची फांदी लावली आणि म्हणाली, पुढच्या उन्हाळ्यात फुलं येतील. मग रथसप्तमी झाली, अंगणात दूध उतू गेलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिची पिशवी ओट्यावर भरलेली दिसली. ती सासरी निघाली होती, न्यायला तिकडची माणसं स्टँडवर येणार होती. मी तिला सोडायला आप्पांबरोबर नारायणगावच्या स्टँडवर गेले. तिथे ती मला एक वाक्य म्हणाली. ते मी पुढे सांगेन, कारण तेव्हा ते मला कळलंच नव्हतं. मला फक्त राग आला होता. कौल उजवा आला होता, मी स्वतः वाचून दाखवला होता, आणि तरी ती चालली होती.

शिवरात्रीच्या आसपास माल निघाला. सगळी बाग एका दिवसात उघडी झाली आणि गप्प झाली. माझ्या ओळीचे कागद मीच काढले. टाकीपासूनच्या तिसऱ्या घडावर बोटांचे डाग निघाले, साय पुसलेली, चार मणी काळवंडलेले. आप्पांनी विचारलं, कागद कुणी सोडला होता. मी नाही म्हटलं. ओळ तुझी, मग कोण भूत आलं होतं का, म्हणाले, आणि त्यांनी मला एक चापट मारली. त्यांनी मला आयुष्यात मारलेली ती एकच. कागदांचा ढीग बांधाला जाळला. आतली बाजू वाचायची राहिली. आत्या नसताना एकटीने वाचायची माझी इच्छा नव्हती, आणि गोष्ट तर संपलेली होती.

चैत्रात आत्याच्या सासरहून माणूस आला, आत्या गेल्याचा निरोप घेऊन. काय झालं, कसं झालं, हे आमच्या घरात कुणी कुणाला नीट सांगितलं नाही, आणि मीही इथे सांगणार नाही. आईने चूल विझवली. आप्पा माणसाबरोबर गेले आणि तिसऱ्या दिवशी एकटे परत आले. पुढच्या उन्हाळ्यात मोगरा फुलला, चांगला पसाभर फुलला. आईने एकही फूल तोडलं नाही.

त्यानंतर मी किती गोष्टी वाचल्या आणि किती सिनेमे पाहिले याला गणती नाही. पुस्तकावरून काढलेल्या सिनेमाचं मला कधीच विशेष वाटत नसे. सई मात्र त्यात कडवी. तिच्या वाचलेल्या पुस्तकाचा सिनेमा आला की ती तो बघायला जाते ते भांडायला जाते. या मे महिन्यात आम्ही वारूळवाडीला आलो आणि एका सकाळी तिने मोबाईलवर येणाऱ्या सिनेमाची झलक लावली. मी ओट्यावर लसूण सोलत होते. हिरवट पाणी, पाण्यात खोल जाणाऱ्या दगडी पायऱ्या. मग एक घंटा वाजली, आणि धुक्यातून एक मोठा मासा पुढे आला. माझ्या हातातली लसणाची पाकळी खाली अंगणात पडली. सईने ते पुस्तक इंग्रजीत दोनदा वाचलं होतं. माझ्या घरात, माझ्या मुलीच्या उशाशी ते पुस्तक वर्षभर पडलं होतं आणि मी त्याच्यावरची धूळ पुसली होती.

तिने ते इकडेही आणलं होतं. मी ते हातात घेतलं नाही. मला भीती वाटली, असंच म्हणते. सिनेमाला मात्र मी गेले, कारण सिनेमात आपल्याला काही उलटायचं नसतं, समोर येईल ते बघायचं असतं.

आईलाही नेलं. हिंदीत बोलणारी ती परदेशी माणसं बघून आई पहिल्या दहा मिनिटांतच म्हणाली, पोरगी लई वाळलीय. सई माझ्या दुसऱ्या बाजूला बसून कानात तक्रारी करत होती. नावाडी असा तरणाबांड नाही, मासा बोलत नाही, हे गाणं कुठून आलं. माझ्या तक्रारी वेगळ्या होत्या आणि त्या मी कुणाला सांगणार? त्यांच्या बरण्या काचेच्या होत्या, आतून झगमगणाऱ्या. आमच्या चिनीमातीच्या होत्या, वर पिवळ्या, खाली पांढऱ्या, तोंडाला फडकं बांधलेल्या. त्यांच्या गावात दिवेलागण सोनेरी होती. आमच्या गावात ती हिरवी होती, पानांतून गाळून आलेली. आणि सगळं क्रमाने घडत होतं. नावाडी तरुण होता तो म्हातारा झाला, बारकीला आधी काहीतरी झालं आणि मग ती रडली. सगळं कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच परकं वाटत होतं. फक्त एकदा, मुलगी अंधाऱ्या बोळातून जात होती तेव्हा, तिच्या डोक्यावर दोरीला टांगलेले कागदाचे तुकडे होते. ते वाऱ्याने हलले. मी खुर्चीचा दांडा धरला. आई बाजूने म्हणाली, काय गं, गार वाटतंय का.

मग शेवट आला. मुलगी पायऱ्या मोजत वर आली. दार उघडं होतं. दिवा होता. आई वळली आणि तिने तिचं नाव घेतलं. मग पडदाभर प्रकाश, मिठ्या, संगीत, नावांच्या पाट्या सरकायला लागल्या. माझी आई पदराने डोळे पुसत म्हणाली, आली बाई एकदाची. मी रडत होते, आवाज न करता, पण इतकं की सईने माझ्याकडे वळून पाहिलं. मी बरोबर वाचलं होतं. समाप्त लिहिलेलं नव्हतं, तरी शेवट तोच होता. माझ्या दहा वर्षांच्या मानेवर तेव्हापासून बसलेलं काहीतरी त्या अंधारात उतरलं.

आणि म्हणून परवा टाकीच्या कठड्यावर सई पुन्हा पुन्हा म्हणत होती की त्यांनी शेवट बदलला, तेव्हा मी तिला जरा दटावूनच म्हटलं, की काही बदललेला नाही, ती घरी येते, मला माहीत आहे.

सई म्हणाली, "आई, त्याच्या मागे अजून एक पान आहे."

तिने पिशवीतून पुस्तक काढलं. शेवटून दुसरं पान उघडून मला दाखवलं. वर मजकूर, खाली अर्धं कोरं. मग तिने ते उलटलं. इंग्रजीतून मराठी करत, अडखळत, तिने मला ते वाचून दाखवलं. एकच पान होतं.

बारकी घरात येते. सगळ्यांना आनंद होतो, कुणी तिच्याशी वाईट वागत नाही. जेवायची वेळ असते. घरात जितकी माणसं तितकीच ताटं मांडलेली असतात. आई फळीवरून एक ताट काढते, पुसते, बाकीचे सरकून घेतात आणि बारकीला जागा होते. ती जेवते. जेवून आपलं ताट ती स्वतः धुते, कोरडं करते आणि होतं तिथे फळीवर ठेवते. मग ती तळ्याकडे जाते. या वेळी ती पायऱ्या मोजत नाही. त्याखाली लिहिलेलं असतं, समाप्त.

सईचं म्हणणं होतं की हाच खरा शेवट आहे आणि सिनेमावाल्यांना तो दाखवायची हिंमत झाली नाही. ती बरंच काही बोलत होती. मी टाकीपासून पावलं मोजत होते. पहिला घड, दुसरा घड, तिसरा. तिथे आता टोमॅटोचं एक झाड सुतळीला धरून उभं होतं.

तो कागद काढताना मी पिन शोधली होती. माझ्या ओळीत पिना उजवीकडे असायच्या, वाकड्या. हात सवयीने उजवीकडे गेला आणि तिथे नुसती दोन भोकं होती. पिन डाव्या बाजूला होती, सरळ, नीट मारलेली. मी ती तशीच उपसली आणि कागद ढिगावर टाकला. मग आप्पांनी बोटांचे डाग पाहिले आणि चापट बसली, आणि ती चापटच माझ्या लक्षात राहिली. पिनेची बाजू मी इतकी वर्षं डोक्यात घेऊन फिरत होते आणि तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

आत्याने कागद सोडला होता. त्या आठ दिवसांतल्या कुठल्यातरी दुपारी, मी शाळेत असताना, एकटीने. मागचं पान वाचलं होतं, आणि पुन्हा होता तसा लावून ठेवला होता, पुढची बाजू पुढे, म्हणजे मला माझा शेवट तिथेच दिसत राहावा.

घरी आलो तेव्हा आई ओट्यावर मेथी निवडत होती. सई पाणी प्यायला आत गेली. मी आईजवळ बसले, चार काड्या निवडल्या आणि विचारलं, आत्या इथे होती तेव्हा तिचं ताट वेगळं असायचं का.

"ताट व्हतं की तिचं," आई म्हणाली. "मीच वाढायचे."

मग तिने मेथीची दुसरी जुडी सोडली. मला वाटलं, बोलणं संपलं.

"नंतर नंतर तीच म्हणाया लागली, वहिनी, तुमी समदे बसा, मी मागनं जेवते. मी बी म्हणलं, बरं." आईने निवडलेली पानं परातीत सारखी केली. "हाताला धरून बसवली न्हाई मी तिला. एकदा बी."

मी आईला पानाबद्दल काही सांगितलं नाही. तिला बारकी घरी आलेली दिसली होती, तिने पदराने डोळे पुसले होते. ते तिच्याकडून काढून घ्यायला माझा हात धजावला नाही. आणि तेव्हा, आईकडे बघत गप्प बसले असताना, मला शालूआत्याचं स्टँडवरचं वाक्य ऐकू आलं.

जीप भरत आली होती. ड्रायव्हर आळेफाटा, आळेफाटा म्हणून ओरडत होता. टोमॅटोच्या क्रेटनी भरलेला एक टेम्पो मागे सारखा हॉर्न वाजवत होता. आप्पा तिची पिशवी टपावर चढवत होते. मी रागाने तिच्याकडे बघत नव्हते. मी म्हटलं, बारकी तर घरी आली होती, मग तू का चाललीस. ती खाली वाकली. माझ्या डोक्यावरून हात फिरवला, सगळ्या स्टँडसमोर, सासरची माणसं जीपमध्ये बसलेली असताना, आणि तो हात डावा होता.

"तू वाचलंस ते बरोबर व्हतं," ती म्हणाली. "तसंच ध्यानात ठेव."